बाईंच्या घड्याळाचं झाकण

"दार लावून घ्या," कारखानीस बाई म्हणाल्या. "घड्याळ या खोलीच्या बाहेर जाणार नाही. आणि काम चाललेलं असताना सारखी ये-जा मला खपत नाही. काय लागेल ते आत्ताच सांगा."

मी उठले, दार ओढलं, कडी घातली. खोलीला एकच खिडकी होती. तिला बारीक जाळी, आणि जाळीपलीकडे हातभर अंतरावर शेजाऱ्यांची भिंत.

"फार काही नको बाई," माझे यजमान म्हणाले. "रिठ्याचं कोमट पाणी तेवढं. आज धुणं आणि पोचे काढणं. कोरायचं उद्या."

"उद्या का? कोरणं बघायलाच तर मी बसलेय."

"धातू एक दिवस निवू द्यावा लागतो."

असं काही नसतं. चांदी घटकाभरात निवते. पण आजचं उद्यावर ढकलायचं, ही आमची गेल्या सहा वर्षांची रीतच झाली होती.

ही गोष्ट एक्क्याऐंशी सालच्या मार्चमधली. आम्ही हुपरीचे. घरटी चांदीचं काम चालणारं आमचं गाव. बायका घरात बसून पैंजणांच्या साखळ्या जोडायच्या, घुंगरं ओवायच्या. त्याला कोणाची ना नव्हती. पण कलम, म्हणजे चांदीवर नक्षी कोरायचं हत्यार, पुरुषाचं. माझे यजमान धोंडीराम पोतदार पंचक्रोशीत 'कलमवाले पोतदार' म्हणून ओळखले जायचे. मी त्यांना 'हे' म्हणते, नाव घ्यायची सवय नाही. यांनी कोरलेल्या तबकावरचा मोर बघायला लोक मुद्दाम वाकडी वाट करून यायचे.

पंच्याहत्तर सालच्या दिवाळीत यांचा उजवा हात थरथरू लागला. आधी चहाची बशी वाजायला लागली, मग सहीची अक्षरं वेडीवाकडी झाली, मग कलम. सांगलीच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि म्हणाले, हे जाणारं दुखणं नाही.

माझे वडील गडहिंग्लजच्या बाजारात भांड्यांवर नावं घालायचे. लहानपणी मी त्यांच्याशेजारी पोत्यावर बसायचे. 'कै. गंगाबाई यांचे स्मरणार्थ' हे मी वाचायला शिकायच्या आधी कोरायला शिकले होते. ते यांना ठाऊक होतं. एके दिवशी दुपारी यांनी अर्धवट राहिलेलं एक तबक माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाले, "बघ जमतंय का."

जमलं.

"बाहेर कुणाला कळता उपयोगी न्हाई, इंदे," ते म्हणाले. "माझी शपथ हाय तुला."

तेव्हापासून मी माळ्यावर बसत होते. वर पत्रे, पत्र्यांत कोंडलेली उष्णता, एक साठचा दिवा. खिडकी बंद, कारण जाड पत्र्याला कलमावर हातोडी मारावी लागते आणि ती रस्त्यावर ऐकू जाते. खाली हे हत्यारं मांडून बसायचे. गिऱ्हाईक आलं की खाकरायचे. खाकरल्याबरोबर मी हात थांबवायचा, श्वाससुद्धा सावकाश घ्यायचा. खाली लोक माझ्या कामाचं कौतुक करायचे, "पोतदार, काय हात हाय राव तुमचा," आणि मी वर बसून घाम पुसायचे. सहा वर्षं. पोरबाळ नव्हतं, त्यामुळे लपवायला तेवढी सोय होती.

बाईंचं काम नाकारता आलं असतं तर आम्ही नाकारलंच असतं. पण ते शांतिनाथ शेठकडून आलं होतं. आमचं सगळं काम शेठच्याच पेढीवरून यायचं. बाई शेठच्या मुलींच्या मुख्याध्यापिका, आता निवृत्त. कोल्हापुरात एकट्या राहायच्या. शेठनं त्यांना माझं एक तबक दाखवलं, म्हणजे यांचं म्हणून दाखवलं, आणि शब्द देऊन टाकला की हा माणूस तुमच्या घरी येऊन, तुमच्यासमोर बसून काम करील. बाईंची तीच अट होती. मागं एकदा त्यांनी घड्याळ दुरुस्तीला बाहेर दिलं होतं, तर आतलं काहीतरी बदलून परत आलं होतं. तेव्हापासून त्यांचा कुणावर विश्वास नव्हता.

"मदतीला घरातलं माणूस आणतो," एवढंच हे शेठला म्हणू शकले. ते माणूस मी.

घड्याळ बाईंच्या वडिलांचं. ते मिरज-कोल्हापूर गाडीवर गार्ड होते. चाळीस वर्षं ते खिशातून काढून, झाकण उघडून, वेळ बघून परत ठेवत राहिले. त्या चाळीस वर्षांत त्यांच्या अंगठ्यानं झाकणावरची नक्षी पार पुसून टाकली होती. कडेला वेलीची चार पानं कशीबशी उरली होती, मधे सगळं गुळगुळीत. दोन पोचे, आणि बिजागरी तुटलेली. आतलं यंत्र बाईंनी आधीच काढवून घेऊन कापसात गुंडाळून ठेवलं होतं. आमच्यासमोर नुसतं चांदीचं कवच होतं.

"मूळ नक्षी कशी होती, सांगता येईल का?" यांनी विचारलं.

बाईंनी एक जुनी वही उघडली. मधे पिवळा पडलेला कागद होता. लहानपणी आपण नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासतो ना, तशी बाईंच्या सातव्या वर्षी घड्याळाच्या झाकणावर घासून उमटवलेली नक्षी. भोवती द्राक्षाची वेल, आणि मधे फांदीवर बसलेला एक पक्षी, मान मागं वळवलेला.

"वडील गाडीवर जायचे तेव्हा मला रडू यायचं," बाई म्हणाल्या. "म्हणून त्यांनी हे घासून दिलं होतं. म्हणाले, पक्षी तुझ्याकडे, घड्याळ माझ्याकडे." त्यांनी वही मिटली नाही. "मला तो पक्षी बोटाला लागायला हवा. डोळ्यांचं काही खरं नाही माझ्या आता."

पहिल्या दिवशी मी झाकण रिठ्याच्या पाण्यात धुतलं, मऊ कुंचल्यानं सांधे साफ केले, आतल्या बाजूनं लाकडी ठोकणीनं हलके हलके पोचे वर काढले. हे समोर बसून 'जरा डावीकडं', 'हलकं मार' असं सांगत होते. बाई खुर्चीत ताठ बसून बघत होत्या, माझ्याकडे नाही, यांच्याकडे. यांनी उजवा हात मांडीखाली घातला होता.

"तुम्ही काहीच का करत नाही?" बाईंनी विचारलं.

"हे वरकाम बाई. वरकाम ही करते."

मी झाकण फडक्यानं पुसलं, उजेडाकडं धरलं, आणि बाईंच्या हातात दिलं.

परतीच्या एसटीत आम्हाला मागची जागा मिळाली.

"बाईंना सांगून टाकू या," मी म्हटलं.

"काय सांगणार?"

"खरं ते."

"बाईंना सांगितलेलं उद्या शेठला कळतंय, परवा गावाला. मग कलमवाले पोतदार कुठं ऱ्हायले? बायकोच्या हातचं खाणारा एक माणूस ऱ्हायला." ते खिडकीकडं तोंड करून म्हणाले. "सकाळी गोळी घेतल्यावर अर्धा तास हात बरा असतोय. तेवढ्यात मी करतो."

"अर्ध्या तासात एवढी नक्षी?"

"सुरुवात करतो. मग बघू."

पुढं एक थांबा गेला. मग त्यांनी विचारलं, "धुताना झाकण कसं वाटलं?"

"बरं हाय," मी म्हटलं.

ते माझ्याकडे बघत राहिले, मग परत खिडकीबाहेर.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नऊलाच पोचलो. बाईंनी परत दार लावायला सांगितलं. मी लाख तापवून झाकणाच्या आत भरली, म्हणजे कोरताना पत्रा दबू नये. कागदावरची नक्षी झाकणावर उतरवली. हे काम नाजूक असतं, पण त्याला कलम लागत नाही, त्यामुळे ते मला करता येत होतं.

मग यांनी गुपचूप गोळी तोंडात टाकली आणि हातरुमाल काढला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "बांध."

मी त्यांचं मनगट हाताला आधार म्हणून ठेवलेल्या वाळूच्या उशीला बांधलं. बाईंनी भुवया उंचावल्या. यांनी कलम उचललं.

पहिलं पान उमटलं. सहा वर्षांनी त्यांच्या हातातून उमटलेलं पहिलं पान. देखणं होतं. शिरा सुटसुटीत, टोक धारदार. माझ्यापेक्षा ते कधीही सरसच कोरायचे. ते पान बघून मला आनंद व्हायला हवा होता. मला झाला नाही. मला वाटलं, हे जर असंच जमून गेलं, तर आज दुपारी मी परत माळ्यावर.

दुसरं पान झालं. यांच्या कपाळावर घाम आला होता. मी तो पुसला. खोलीत कलमाची बारीक करकर आणि बाईंचा श्वास, एवढाच आवाज होता. मी वेळ बघत होते. गोळी घेऊन पंचवीस मिनिटं झाली होती.

मला वाटलं आता हे थांबतील, पाणी मागतील, काहीतरी निमित्त काढतील. त्यांनी मान वर करून एकदा माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मी काही बोलले नाही. मग त्यांनी उशी सरकवली, आणि वेल सोडून कलम थेट मधे, पक्ष्याच्या छातीवर टेकवलं.

हात हलला. कलम खचकन आत गेलं आणि नखाएवढं लांब फाडत बाहेर आलं.

चांदीला पडलेल्या फटीतून काळी लाख दिसत होती. यांनी कलम खाली ठेवलं. ठेवताना ते टेबलावर तडतड वाजलं, कारण हात आता थांबतच नव्हता.

बाई उठल्या. वाकून बघितलं. त्यांचा आवाज चढला नाही, त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"वडील गेले त्या दिवशी हे त्यांच्या खिशात होतं," त्या म्हणाल्या. "तेव्हाही याला ओरखडा नव्हता."

"पत्रा पातळ होता बाई..." मी सुरुवात केली.

"तू थांब. यांना विचारतेय मी." त्या यांच्याकडे वळल्या. "हात दाखवा."

यांनी हात सोडवून घ्यायचा प्रयत्न केला. गाठ सुटेना. मी ती सोडवली. मग त्यांनी दोन्ही हात पुढं केले, वर्गात छडी खायला पोरं धरतात तसे. उजवा वाऱ्यावरच्या पानासारखा हलत होता.

"किती वर्षं?"

"सहा."

"शांतिनाथकडे मी जे तबक बघितलं ते मागच्या वर्षीचं आहे. त्यानंच सांगितलं मला. ते कोणी कोरलं?"

यांनी मान खाली घातली. बोलायचं तर मीच बोलू शकत होते, आणि मला शपथ होती. दार बंद, खिडकीबाहेर भिंत. मला आठवतंय, मी त्या भिंतीच्या विटा मोजत होते.

"मी तुमच्याविरुद्ध काही करणार नाही," बाई म्हणाल्या. "पण खोटं ऐकून घ्यायचं वय नाही माझं. कोणी कोरलं?"

"हिनं," हे म्हणाले.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"हिनं कोरलं. सहा वर्षांचं सगळं काम हिनंच केलंय. माझं नुसतं नाव."

बाईंनी मग पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. माझा हात धरून उलटा केला. कलमाचं बूड टेकून टेकून तळहाताला पडलेला घट्टा त्यांनी बोटानं चाचपला.

"मग ही काल दिवसभर रिठ्याचं पाणी का ढवळत बसली होती?" त्या म्हणाल्या. त्या चिडल्या होत्या, पण कोणावर ते मला कळलं नाही. "हे नीट होईल का?"

"होईल," मी म्हटलं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "मागून चांदीचा पातळ पत्रा झाळून, म्हणजे तापवून जोडून घ्यावा लागेल. मग फट भरून, घोटून, वरून नव्यानं कोरायचं. चार दिवस लागतील."

"फट दिसेल?"

"पक्ष्याच्या पंखात मिळवून टाकीन. बोटाला फक्त पंख लागेल."

"बस मग," बाई म्हणाल्या.

यांनी उठून जागा दिली. मी त्यांच्या जागेवर बसले. लाख काढली, स्पिरिटनं पत्रा पुसला, चांदीचा तुकडा कातरून झाकणाच्या आतल्या बाजूला बसवला, टाकणखार लावून फुंकणीनं झाळला. फुंकताना ज्योत कुठं न्यायची हे यांनी सांगितलं, आणि त्यांचं बरोबर होतं. जुनी चांदी जरा जास्त तापली असती तर सगळंच वितळून गेलं असतं.

कोरायला बसले तेव्हा एक अडचण झाली. बाहेर गल्लीत पावलं वाजली की माझा हात आपोआप थांबायचा. सायकलची घंटा, भाजीवालीची हाक, शेजारचं दार. प्रत्येक वेळी मी कलम उचलून श्वास धरायचे.

"काय झालं?" बाई विचारायच्या.

"काही नाही."

तिसऱ्यांदा झालं तेव्हा हे हळूच म्हणाले, "इंदे, थांबू नको. कुणी येऊ दे."

चार दिवस आम्ही तिघं त्या खोलीत होतो. हे मला हत्यारं काढून द्यायचे. कुठलं हवं ते मागावं लागलं नाही. शेवटच्या दिवशी अकीक दगडाच्या घोटणीनं झाकण घोटून, बिजागरीत नवी खीळ घालून मी ते बाईंच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा काढला, डोळे मिटले आणि अंगठा वेलीवरून फिरवत मधे आणला. पक्ष्याच्या वळलेल्या मानेवर तो थांबला. बराच वेळ थांबला.

"मान जरा जास्त वळलीय," त्या म्हणाल्या. मग डोळे न उघडताच, "असू दे. अशीच असू दे."

शांतिनाथ शेठला यांनी स्वतः जाऊन सांगितलं. पेढीवर, चारचौघांत. शेठनं आठ महिने आम्हाला काम दिलं नाही. गावात बोलायचं ते लोक बोलले. पाणवठ्यावर बायका मला बघून गप्प व्हायच्या, पारावर यांना कोणीतरी 'बांगड्या भरा' म्हणालं. त्या आठ महिन्यांत मी साखळ्या जोडल्या आणि हे घुंगरं ओवायला शिकले, डाव्या हातानं. मग एका देवळाच्या प्रभावळीचं काम निघालं, ते दुसऱ्या कोणाला झेपेना, तेव्हा शेठचा निरोप आला. निरोप माझ्या नावानं होता. मी खाली, रस्त्याच्या बाजूला बसून ती प्रभावळ कोरली.

हे त्यानंतर चौदा वर्षं होते. शेवटी शेवटी दोन्ही हात गेले, मान हलायची, बोलणं चिकट झालं. पण डोकं लख्ख होतं.

असंच एका दुपारी मी त्यांची नखं कापत होते. हलत्या हाताची नखं कापायची म्हणजे एकेक बोट घट्ट धरावं लागतं. मला वाटलं, आता नाही सांगितलं तर कधीच नाही.

"एक बोलायचं होतं," मी म्हटलं. "बाईंच्या घड्याळाचं झाकण. ते पातळ झालेलं मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. पुसताना. पक्ष्याच्या जागी नुसतं बोट दाबलं तरी पत्रा आत जात होता. मागून झाळून घेतलं असतं तर तुमचा हात कितीबी हलू दे, आरपार गेलं नसतं. तुम्ही एसटीत विचारलंसा, आणि मी बरं हाय म्हटलं."

मी पुढचं बोट धरलं.

"मला ते फुटायला पाहिजे होतं," मी म्हटलं. चौदा वर्षांत हे वाक्य मी मनातसुद्धा पुरतं म्हटलं नव्हतं. "तुमची शपथ मोडवत नव्हती, आणि माळ्यावर जाववत नव्हतं."

"ठावं हाय," ते म्हणाले.

"काय ठावं हाय?"

"पुसताना तुझा अंगठा थांबला. मी समोरच बसलेलो की." एकेक शब्द जोडत ते बोलत होते. "म्हणून तर विचारलं एसटीत."

माझ्या हातातलं नेलकटर तसंच राहिलं. "मग तिथंच कलम का टेकवलंत? पानं काढायची ऱ्हायली होती की अजून."

"दोन पानं काढली. म्हटलं, आता तरी सांगील. तुझ्याकडं बघितलं बी." ते थांबले, श्वास घेतला. "न्हाई सांगितलंस. मग म्हटलं, हिला माळा एवढा नकोसा झालाय."

"म्हणजे मुद्दाम?"

ते हसले की तोंड नुसतं हललं, मला अजून सांगता येणार नाही.

"हात माझं ऐकत नव्हता, हे तर खरंच होतं," ते म्हणाले, आणि दुसरा हात माझ्यापुढं केला. "ही पाच ऱ्हायली."

मी तो हात मांडीवर घेतला, अंगठा घट्ट धरला, आणि नखं कापली.